ग्रुप टाका

तळवड्यात आम्ही राहायचो ती खोली दोन शेडच्या मधोमध होती. एका शेडमध्ये पत्रा दाबायचं प्रेस मशीन, दुसऱ्यात रंगकाम. प्रेसचा ठोका दिवसभर भिंतीतून यायचा आणि मांडणीवरच्या वाट्या हलक्या वाजायच्या. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की गुरुवारच्या सुट्टीला शेड बंद असली म्हणजे आईलाच चुकल्यासारखं व्हायचं. "आज घर मुकं झालंय गं," ती म्हणायची आणि उगाच भांडी जोरात आपटायची. आम्ही लातूरकडचे. सातवीपर्यंत मी औशाजवळच्या एका शाळेत शिकले, तिथे मैदान होतं पण खेळ नव्हता. अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्या आधी चार-पाच वर्षं इकडे येऊन चाकणच्या एका कंपनीत लागले होते. ते कायम झाल्यावर त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. आईनं येताना येसराचा, म्हणजे आमटीला लावायच्या मसालेदार पिठाचा, डबा, ज्वारीचं पोतं आणि तिची बोली आणली. त्यातलं ज्वारीचं पोतं तेवढं संपलं.

अण्णांचा स्वभाव बोलका. कंपनीची बस चौकात यायची, तिथे ते वेळेच्या आधी जाऊन उभे राहायचे, कारण तिथे बोलायला माणसं मिळायची. पहिल्या पाळीला जाताना आई त्यांना सुशीला करून द्यायची. भिजवलेले चुरमुरे, वर शेंगदाण्याचं कूट, फोडणीत भरपूर कढीपत्ता. त्यांच्या लायनीवर कंत्राटावरची बरीच पोरं होती. कुणी नांदेडचा, कुणी परभणीचा, एक इस्माईल उदगीरचा. डबा उघडला की ही सगळी पोरं अण्णांच्या टेबलावर. म्हणून आईचं सुशीलाचं माप कधीच आमच्या तिघांपुरतं नसायचं. घरात एकच फोन होता, तो अण्णांचा. पहाट झाली की त्यांच्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला एक फूल जायचं, त्यावर 'शुभ सकाळ' आणि खाली एक सुविचार. सुविचार ते वाचून निवडायचे. "हे फूल चांगलं आहे पण वाक्य हलकं आहे," असं म्हणून बाजूला टाकलेली फुलं मी पाहिली आहेत.

मी हे सगळं प्रेमानं लिहायला बसले आहे खरी, पण या प्रकरणाची शाई रागाची आहे. इतक्या वर्षांत तो राग कमी झालेला नाही, आणि कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

नेमबाजीकडे मी वळले ती इथल्या शाळेमुळे. चिंचवडला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर सावंत बाई रायफल शिकवायच्या. आमच्या शाळेतल्या काही मुलींना त्यांनी निवडून नेलं, त्यात मी होते. हवेच्या दाबावर चालणारी रायफल, शिशाचा छोटा छर्रा, दहा मीटरवर कागद, कागदाच्या मधोमध काळं वर्तुळ. खाली लग्न असलं की वऱ्हाडाच्या पंगतीतून जिलबीचा वास यायचा, सनई वाजायची, आणि वर आम्ही श्वास धरून उभ्या. बाई एरवी आम्हाला अगं-तुगं करायच्या. "ए, चपला नीट ठेव," "डबा आणलास का?" पण रायफल हातात घेऊन रेषेवर उभं राहिलं की त्यांची भाषा बदलायची. "तुम्ही डावा खांदा सैल सोडा." "तुम्ही घाई करताय." सगळ्यात लहान मुलगी पाचवीतली होती, तिलाही तुम्ही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ज्याच्या हातात हत्यार आहे त्याला अरे-तुरे करायचं नाही. त्याला आपण कोण आहोत हे विसरू द्यायचं नसतं." मला जन्मात कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दासाठी मी तळवड्याहून दोन बस बदलून जायचे, असं म्हटलं तर त्यात फार खोटं नाही. पुढे मी शिकले, आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. पण माणूस म्हणून उभं राहायला मी त्या रेषेवर शिकले, आणि त्याचं ऋण मोठं आहे.

जिल्हास्तराच्या स्पर्धेला दोनेक महिने असताना बाईंना मुलीच्या बाळंतपणासाठी कोल्हापूरला जावं लागलं. हॉल उघडायला आणि आमच्यावर लक्ष ठेवायला त्यांचा भाऊ यायचा. तो माणूस चांगला, पण त्याला रायफलमधलं काही कळायचं नाही. जाताना बाईंनी अण्णांचा नंबर एका ग्रुपमध्ये घालायला सांगितला. पिंपरी-चिंचवड, चाकण, देहूरोड, पुण्यापर्यंतचे नेमबाज त्यात होते. राज्याला खेळलेले, स्वतःची रायफल असलेले. "काही अडलं तर तिथे विचारा. मोठे लोक आहेत, सांगतील," बाई म्हणाल्या. बाईंचा मोठ्या लोकांवर विश्वास होता.

ग्रुपवर आम्ही 'ज्ञानोबा' म्हणून दिसायचो. अण्णांचं नाव, आणि फोटोच्या जागी खंडोबा. मी आठवीतली मुलगी आहे हे कुणाला कळायचं कारण नव्हतं, आणि सांगावं असं मला सुचलंही नाही. प्रश्न रायफलचा होता, माझा नव्हता. अण्णांना मात्र ग्रुपचं फार कौतुक. "नेमबाजांच्या ग्रुपात आहे म्हणलं आपण," असं ते बसमध्ये सांगायचे, आणि ग्रुपवर 'राम राम, मी चाकणच्या कंपनीत असतो' अशी ओळखही त्यांनी देऊन टाकली. आणि अर्थात दुसऱ्या दिवसापासून नेमबाजांनाही फूल जायला लागलं.

"काका, हा नेमबाजीचा ग्रुप आहे, भजनी मंडळ नाही," असं पहिल्या फुलाला उत्तर आलं. दुसऱ्याला, "काका, फुलावर नेम धरू का?" अण्णा हसले. "थट्टेखोर आहेत लोकं," म्हणाले. तरी त्यांनी फुलं बंद केली.

त्याच सुमारास माझे छर्रे खाली जायला लागले. उभं राहणं तेच, श्वास तोच, आणि छर्रे रोज थोडे अधिक खाली. आधी मला वाटलं माझा हात दमतोय. मी रात्री जेवताना डाव्या हातात पाण्याची बाटली धरून बसायचे. आई म्हणायची, "भाकरी खा आधी, मग पाज बाटली तुझ्या हाताला." काही फरक पडेना. मग मी अण्णांच्या फोनवरून ग्रुपवर लिहिलं: 'नमस्कार. माझे सगळे छर्रे काळ्या वर्तुळाच्या खाली लागत आहेत. पूर्वी असे होत नव्हते. काय चुकत असावे? कृपया मार्गदर्शन करावे.' शाळेत अर्ज लिहायला शिकवतात तसं लिहिलं होतं. मला तेवढंच येत होतं.

उत्तरं भराभर आली. 'काका, चष्म्याचा नंबर तपासा.' 'काका, वय झालं, आता कॅरम खेळा.' 'खाली जातायत? मग टार्गेट खाली लावा.' 'कृपया मार्गदर्शन करावे! हाहाहा.' कुणी एकानं लिहिलं, 'कंपनीवाले पण रायफल घ्यायला लागले, भावा. आता आपण काय घ्यायचं?' हे ज्यांनी लिहिलं त्यांच्यात शिक्षक होते, एक वकील होता. मी नावं वाचत होते आणि मला कळेना की इतक्या माणसांना थट्टा करायला वेळ आहे, तर एकाला उत्तर द्यायला का नाही. कारण उत्तर एका ओळीचं होतं. रायफलच्या नळकांड्यातली हवा गळत होती. दाब कमी झाला की छर्रा खाली पडतो. हे त्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना माहीत असणार. आज माझ्याकडे शिकणारी बारा वर्षांची मुलगीही सांगेल, 'ताई, आधी दाबाचा काटा बघा.' त्या दिवशी एवढं कुणी म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

एकानं मात्र कामाचं विचारलं. विक्रमदादा, ग्रुपचे प्रमुख. चिखलीच्या बाजूच्या जुन्या शेतकरी घराण्यातले. जमिनीवर आता शेड उभ्या, भाडी येतात, आणि नेमबाजी म्हणजे त्यांचा जीव. नव्या पोरांना स्वतःची जुनी रायफल वापरायला देतात, मनाचा मोठा माणूस, अशी त्यांची ख्याती. त्यांनी लिहिलं, 'काका, आधी ग्रुप टाका.'

ज्याला रायफल माहीत आहे त्याला यात काही वाटणार नाही. कागदावर छर्रे जिथे जिथे लागतात त्या भोकांच्या घोळक्याला नेमबाज 'ग्रुप' म्हणतात. कागदाचा फोटो पाठवा, घोळका कसा आहे ते बघून सांगतो, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्न बरोबर होता. फक्त तो आला तेव्हा मी शाळेत होते आणि फोन चाकणला, जेवणाच्या सुट्टीत, अण्णांच्या हातात होता.

अण्णांनी वाचलं, 'ग्रुप टाका.' मोठा माणूस आपला ग्रुप बघायला मागतोय. त्यांच्याकडे ग्रुपचा एक फार चांगला फोटो होता. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा होते, तेवढ्याच दिवशी लॉकरमधला फोन मशीनपर्यंत नेऊ देतात, आणि त्यांच्या लायनीनं मशीनपुढे उभं राहून फोटो काढला होता. मशीनला झेंडूची माळ, सगळ्यांच्या डोक्यावर पिवळी हेल्मेट, हेल्मेटखाली कपाळावर कुंकू, आणि मधोमध अण्णा, हातात नारळ. त्यांनी तो फोटो टाकला. खाली लिहिलं, 'हा आमचा ग्रुप. सगळी कष्टाळू मुले आहेत.'

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा खुशीत होते. चपला काढता काढता म्हणाले, "लई जणांनी हसरे चेहरे टाकलेत बघ. विक्रमदादांनी आपला ग्रुप बघायला मागितला होता."

मी फोन घेतला. हसरे चेहरे होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे, ओळीच्या ओळी. आणि तोवर कुणीतरी त्या फोटोवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहून तो परत टाकला होता: 'आमचा ग्रुप. स्कोअर – एक नारळ.'

"काय लिहिलंय?" अण्णांनी विचारलं. मी फोन त्यांच्यापुढे धरला. मग त्यांनी स्वतः चष्मा लावून वाचलं. "मग ग्रुप म्हणजे काय असतंय त्यांच्यात?" मी सांगितलं. भोकांच्या घोळक्याला म्हणतात. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. "हां," म्हणाले. "मग हसतीलच की. म्या असतो तर म्याबी हसलो असतो." आणि ते आंघोळीला गेले. आईनं चुलीवरून, म्हणजे गॅसवरून, पण ती चूलच म्हणायची, मान वळवून विचारलं, "काय झालं गं?" आणि मला रडू फुटलं.

त्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित विसरले असते. शब्द कळला नाही म्हणून हसणं हे मी औशाच्या शाळेतही पाहिलं होतं. पण ते चित्र फिरायला लागलं. आमच्या पट्ट्यात माणसं वेगळी दिसतात, पण फोन सगळे एकमेकांना जोडलेले असतात. शेडमालकाचा भाऊ, त्याचा सुपरवायझर, त्याचा मेहुणा. पाच-सहा दिवसांत ते चित्र अण्णांच्या लायनीच्याच एका पोराला, बालाजीला, त्याच्या खोलीवरच्या दोस्तानं पाठवलं. 'हा तूच ना रे?'

'नारळ' हा शब्द ज्यांनी लिहिला त्यांना गंमत वाटली असेल. कंत्राटावरच्या पोराला त्यात गंमत वाटत नाही. दर काही महिन्यांनी ठेकेदार यादी लावतो आणि ज्याचं नाव यादीत नाही त्याला नारळ मिळालेला असतो. ती पोरं हा शब्द घरी फोनवरसुद्धा उच्चारत नाहीत, आई घाबरते म्हणून. आणि इथे त्यांच्या चेहऱ्यांवर तो शब्द छापून अनोळखी लोक हसत होते.

बालाजी रविवारी आमच्याकडे आला. हा अण्णांच्या डब्यातलं सुशीला सगळ्यात जास्त खाणारा. दारातच उभा राहिला. आई म्हणाली, "ये की आत, बाहेर काय उभारलास." तो आला नाही.

"अण्णा, तुमच्यावर राग नाही," तो म्हणाला. "पण आमाला न विचारता कुठं नेऊन बसवलंत? आमच्या नावानं नारळ फोडलात की."

अण्णा उठून उभे राहिले. त्यांच्याहून निम्म्या वयाचा पोरगा. त्याच्यापुढे त्यांनी हात जोडले. "चुकलं, बाळा. म्या कौतुकानं टाकला. मला त्यातलं कळलं नाही."

"तसं नका करू, अण्णा," बालाजी म्हणाला आणि खाली बघून निघून गेला. पुढच्या आठवड्यात अण्णांनी जेवणाच्या सुट्टीत लायनीतल्या एकेकाची माफी मागितली. हे मला खूप उशिरा इस्माईलनं सांगितलं. त्यानंतर अण्णा फोन घरी ठेवून कामाला जायला लागले. सकाळची फुलं बंद झाली. नातेवाईक विचारायला लागले, ज्ञानोबाची तब्येत बरी आहे ना.

बाई परत आल्या त्या स्पर्धेच्या तोंडावर. त्यांनी माझी रायफल कानाशी धरली, काटा बघितला, आणि म्हणाल्या, "हवा गळतेय. इतके दिवस कुणी सांगितलं नाही?" दुरुस्तीचा भाग बाहेरून यायचा, तो स्पर्धेपूर्वी येणं शक्य नव्हतं. बाईंची दुसरी रायफल मोठ्या माणसाच्या मापाची, माझ्या खांद्याला न बसणारी. उरले विक्रमदादा. बाईंनी फोन केला आणि ते लगेच, त्याच संध्याकाळी, जुनी रायफल घेऊन हॉलवर आले. तिचा खांद्याला टेकणारा दस्ता लहान करता येत होता. मी ती खांद्याला लावली आणि मला कळलं की आजवर मी दुसऱ्याचे कपडे घालून धावत होते. खाली लग्न नव्हतं, हॉल शांत होता. मी रेषेवर उभी होते.

"नाव काय हिचं?" विक्रमदादांनी विचारलं. बाईंनी सांगितलं, आणि सहज पुढे म्हणाल्या, "ज्ञानोबांची मुलगी. तुमच्या ग्रुपवर आहेत बघा."

विक्रमदादांचा चेहरा बदलला. "अगं, तू व्हय ती? ती खाली जाणारे छर्रे?" ते खरोखरच ओशाळले. "आमाला वाटलं कुणीतरी कंपनीतलं काका हाय. आधी सांगायचं न्हाई का, मी मुलगी हाय म्हणून? कुणाची टाप होती बोलायची. सॉरी, बाळा. पोरं जरा जास्तच बोलली. तू मनावर घेऊ नको."

माझ्या कानात गरम झालं. बाईंनी ते पाहिलं असावं. त्या हळू म्हणाल्या, "रायफल खाली ठेवा. मग बोला." राग आला असताना हातात रायफल ठेवायची नाही, हा आमचा पहिला धडा. मी ती टेबलावर ठेवली, नळीत छर्रा नाही हे बघितलं, नळी रिकामी असल्याची खूण म्हणून आतून रंगीत दोरी घातली. ते सगळं मी क्रमानं केलं.

"दादा, तुम्ही सॉरी कुणाला म्हणताय?" मी म्हणाले.

"तुला."

"मला कुणी काही बोललंच नाही. जे बोलले ते कंपनीतल्या काकांना बोलले."

"तेच तर म्हणतोय, आमाला ठाव न्हवतं..."

"काका असते तर चाललं असतं?"

त्यांनी बाईंकडे बघितलं. मग हसले, मोठी माणसं लहान मुलापुढे हसतात तसं. "लई पुढचं बोलती पोरगी, बाई."

"ते माझे वडील आहेत. फोटोत त्यांच्या लायनीतले सगळे आहेत. तुम्ही ग्रुपवर लिहा की चुकलं. त्यांना लिहा, मला नको."

मला वाटलं बाई आता मला आवरतील. रायफल माझ्या हातात नव्हती, म्हणजे मी आता 'तू' होते. पण त्या म्हणाल्या, "तुमचं बोलणं झालं का? की आणखी काही सांगायचंय?" आणि ते 'तुम्ही' मलाच होतं.

विक्रमदादांना ते झोंबलं. "म्हंजे मी समद्या ग्रुपपुढं नाक घासू? एका नारळासाठी? मी हितं रायफल घेऊन आलोय, फुकट, आन् मला आठवीतली पोर शिकवती." ते माझ्याकडे वळले. "सांग. रायफल पायजे का माफी?"

आज मी कुणाला हे सांगते तेव्हा ऐकणारा म्हणतो, वा, काय बाणेदार. बाणेदार वगैरे काही नव्हतं. मला रायफल हवी होती. इतकी हवी होती की टेबलावरून तिच्या तेलाचा वास मला वेगळा येत होता. पण हा प्रश्नच मला घाण वाटला. जी गोष्ट अण्णांच्या हक्काची होती ती न मागण्याबद्दल बक्षीस म्हणून मला ती रायफल देऊ केली होती. मी म्हणाले, "माफी."

त्यांनी रायफल पेटीत घातली, पेटीच्या कड्या लावल्या, आणि जिना उतरून गेले.

घरी सांगितलं तेव्हा आईनं "बरं केलंस" म्हटलं आणि माझ्या ताटात आणखी एक धपाटं टाकलं. अण्णा मात्र भडकले. त्यांना इतकं रागावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "रायफल घ्यायची होतीस! कुणी सांगितलं होतं तुला? माझ्या माफीचं काय लोणचं घालायचंय?"

"तुम्हाला लागलं नाही का, अण्णा?"

"लागलं की. मग? रोज काहीतरी लागतंयच. त्यानं तुझा नेम सुधरतोय का?"

"तुम्ही बालाजीपुढे हात जोडलेत."

"म्या चुकलो होतो, म्हणून जोडले."

"मग ते चुकले नाहीत का?"

अण्णा भिंतीला टेकून बसले. प्रेसचा ठोका चालू होता. म्हणाले, "चुकले. पण ते त्यांना कळायला पायजे. तू रायफल सोडून त्यांना कसं कळंल?"

स्पर्धेला मी बाईंची मोठी रायफल घेऊन उभी राहिले. दस्ता गालाशी बसेना, मी मान वाकडी करून मारत राहिले, आणि पुढच्या फेरीसाठी माझं नाव आलं नाही. अण्णा पाळी बदलून बघायला आले होते. येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला. पुढच्या वर्षी मी निवडले गेले, त्याच्या पुढच्याही वर्षी, पण ती वेगळी गोष्ट.

विक्रमदादांनी माफी मागितली नाही. आठ-दहा दिवसांनी ग्रुपवर त्यांची एक ओळ आली, 'ते नारळाचं चित्र बंद करा रे आता.' का, ते लिहिलं नव्हतं. पुष्कळ लोक मला सांगतात की त्या माणसानं किती पोरांना उभं केलं. केलं असेल. ज्यांना त्यानं उभं केलं ते दिसतात. त्या ग्रुपवर एक प्रश्न विचारून, हसं होऊन, गुपचूप निघून गेलेले कुणाला दिसत नाहीत, आणि मला खात्री आहे की ते जास्त आहेत. शिकवणं म्हणजे रायफल देणं असं या मोठ्या लोकांना वाटतं. रायफल कुणीही देईल. ज्याला काही येत नाही त्यानं विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देणं, हे अवघड आहे. आणि समोरचा कोण आहे हे कळल्यावर जो नरम येतो, त्यानं आदर दाखवला असं मी मानत नाही. त्यानं फक्त माणूस तपासून भाव लावला.

आता मीही शिकवते. बाई गेल्यावर हॉल माझ्याकडे आला. माझाही एक ग्रुप आहे, नवशिक्यांचा. मुलं आहेत, मुली आहेत, चाकणच्या कंपन्यांतले काही जण आहेत, आळंदीचा एक मृदंग वाजवणारा आहे. त्यात एकच रीत आहे. प्रश्न विचारणाऱ्याला तुम्ही म्हणायचं, तो कोण आहे हे विचारायच्या आधी. अण्णाही त्यात आहेत. निवृत्त झाल्यापासून त्यांची फुलं पुन्हा सुरू झाली आहेत आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका नवीन माणसानं लिहिलं, 'सर, माझे छर्रे खाली जातात.' नाव नाही, फोटोच्या जागी एक ट्रक. आणि कुणी काही लिहायच्या आत, माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलानं उत्तर म्हणून एक छोटं चित्र टाकलं. हल्ली अशी कापलेली चित्रं मिळतात, बोटाएवढी, स्टिकर म्हणतात त्यांना. पिवळी हेल्मेट, झेंडूची माळ, मधोमध एक माणूस, हातात नारळ. इतकी वर्षं ते चित्र कुठे कुठे फिरून आलं होतं देव जाणे. त्या मुलाला ते फक्त एक गमतीचं चित्र होतं.

मला त्या क्षणी तेच झालं जे हॉलमध्ये झालं होतं, कानात गरम. मी फोन टेबलावर ठेवला. पाणी प्याले. मग उचलला आणि लिहिलं: 'मधले ज्ञानोबा, माझे वडील. त्यांच्या उजवीकडे बालाजी, त्याच्या शेजारी इस्माईल. डावीकडे सिद्धू, पंडित आणि माधव. मागे ज्याचं फक्त हेल्मेट दिसतंय तो गंगाधर. खंडेनवमीचा फोटो आहे. त्या वर्षाच्या शेवटी यातल्या तिघांना खरोखरच कामावरून काढलं. यांच्यावर हसायचं असेल तर आता नावानं हसा.'

त्या मुलानं चित्र काढून टाकलं आणि मला फोन केला. तो रडत होता. मी त्याला म्हणाले, "मला नको सांगू." त्यानं अण्णांना फोन केला. ते काय बोलले मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

एवढ्या गडबडीत त्या ट्रकवाल्या माणसाचा प्रश्न तसाच राहिला होता. मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर अण्णांचं आलं होतं. ते हल्ली अक्षरं मोठी करून, एकेक शोधून लिहितात:

'तुम्ही आधी ग्रुप टाका. छर्‍यांचा.'